प्राथमिक वर्गात भूगोल शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिसर अभ्यास शिकवणारे शिक्षक आणि घरी अभ्यास घेणारे पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत. शेवटचा प्रश्न परदेशातील मराठी शाळांचा आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जेथे एकाच मुद्द्याला दोन प्रश्न स्पर्श करतात तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पहिली-दुसरीला भूगोलाचे पुस्तकच नसते. मग या वयात काही शिकवायचे असते का?

असते, आणि पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून असते. राज्याच्या अभ्यासक्रमात परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तक तिसरीपासून आणि ‘भूगोल’ या नावाचे पुस्तक सहावीपासून येत आले आहे. परंतु आत-बाहेर, मागे-पुढे, जवळ-दूर, डावीकडे-उजवीकडे हे शब्द मुलाने अचूक वापरणे हीच नकाशावाचनाची पूर्वतयारी आहे. घरापासून शाळेपर्यंतची वाट तोंडी सांगायला लावावी. कोणते झाड आधी लागते, पाण्याची टाकी कोणत्या हाताला येते, आणि परत जाताना तीच टाकी दुसऱ्या हाताला का येते, एवढे विचारले तरी तासभराचे काम होते.

एक बारकावा येथेच नोंदवावा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा उजवा हात ओळखता येतो, पण समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात ओळखणे त्याला आणखी काही काळ जड जाते. म्हणून डावे-उजवे दाखवताना शिक्षकाने वर्गाकडे पाठ करून, मुलांच्याच दिशेला तोंड करून उभे राहावे.

२. दिशा कशा शिकवाव्यात? ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ एवढे पुरेसे नाही का?

सुरुवातीला पुरेसे आहे. परिपाठाच्या वेळी मैदानात उगवतीकडे तोंड करून उभे राहावे. डावा हात उत्तरेकडे, उजवा दक्षिणेकडे, पाठ मावळतीकडे. हे वर्गात, भिंतींकडे बोट दाखवून शिकवू नये, कारण मग ‘फळा म्हणजे पूर्व’ असे समीकरण बसते आणि वर्ग बदलला की दिशाही बदलतात.

मात्र चौथी-पाचवीतील एखादे चौकस मूल सांगते की डिसेंबरात सूर्य शेजारच्या इमारतीच्या एका बाजूने उगवत होता आणि आता दुसऱ्या बाजूने उगवतो. त्याचे निरीक्षण बरोबर असते. सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. महाराष्ट्रातून पाहिले तर जूनच्या अखेरीस तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. शाळेच्या गच्चीवरून किंवा मैदानातून दिसणारे क्षितिज वहीत रेखाटून दर महिन्याला उगवतीची जागा त्यावर खूण करून ठेवली, तर वर्षअखेर मुलांच्या हाती त्यांनी स्वतः मिळवलेली माहिती असते.

नेमकी दिशा हवी असल्यास जुनी शंकूची पद्धत वापरावी. सपाट जमिनीवर सरळ काठी उभी रोवून तिच्याभोवती वर्तुळ आखावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला स्पर्श करील तेथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा स्पर्श करील तेथे दुसरी खूण करावी. पहिली खूण पश्चिमेकडची आणि दुसरी पूर्वेकडची. दोन्ही जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. होकायंत्रही चालते, कारण महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक नगण्य आहे. पण लोखंडी बाकावर ठेवलेले होकायंत्र वाटेल ती दिशा दाखवते, हे आधी ध्यानात घ्यावे.

आग्नेय, नैऋत्य, वायव्य आणि ईशान्य या उपदिशा मुख्य दिशा पक्क्या झाल्यावरच घ्याव्यात. घरात देवघराच्या निमित्ताने ‘ईशान्य’ हा शब्द मुलांच्या कानावरून गेलेला असतो, त्यामुळे आरंभ तेथून केला तरी हरकत नाही.

३. मुले ‘उत्तर म्हणजे वर, दक्षिण म्हणजे खाली’ असेच म्हणतात. हे कसे मोडावे?

नकाशा भिंतीवरून उतरवून जमिनीवर अंथरावा. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तरेकडची बाजू खरोखरच छताकडे असते, त्यामुळे मुलाचा समज चुकीचा असला तरी तो त्याने पाहिलेल्या गोष्टीवरूनच झालेला असतो. नकाशा जमिनीवर ठेवून त्याची उत्तर प्रत्यक्ष उत्तरेशी जुळवावी आणि मुलांना त्याभोवती बसवावे. मग पुण्याच्या मुलाला नाशिकच्या दिशेने बोट दाखवायला सांगितले की बोट आढ्याकडे न जाता खिडकीबाहेर जाते. जिल्ह्याचा, राज्याचा किंवा देशाचा कोणताही नवा नकाशा पहिल्यांदा दाखवताना तो आडवाच दाखवावा. भिंतीवर नंतर लावावा.

हाच समज नद्यांच्या बाबतीत पुन्हा डोके वर काढतो. त्यासाठी प्रश्न ८ पाहावा.

४. दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते आणि उत्तरेकडे पडते, असे शिकवले. प्रयोग केला तर तसे झाले नाही. काय चुकले?

प्रयोग बहुधा बरोबरच असतो. या विधानात दोन गृहीतके दडलेली आहेत आणि महाराष्ट्रात दोन्ही सरसकट खरी नाहीत.

पहिले गृहीतक घड्याळाचे. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने मुंबईत सूर्य सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो, पुण्यात १२:३५ च्या आणि नागपुरात १२:१४ च्या सुमारास. ही सरासरी झाली; पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि तिचा आस कललेला असल्याने ही वेळ वर्षभरात पाव तासापर्यंत मागेपुढे होते. मुंबईत नोव्हेंबरच्या आरंभी ती साधारण १२:२२ असते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२:५३ च्या आसपास. म्हणून बारालाच मोजण्याऐवजी पावणेबारा ते सव्वा या वेळेत दर दहा मिनिटांनी सावली मोजावी आणि सर्वांत लहान सावली कोणती ते मुलांनाच शोधू द्यावे.

दुसरे गृहीतक दिशेचे. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य येथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली त्या क्षणी नाहीशी होते. राज्याच्या दक्षिण टोकाला हा शून्य सावलीचा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबई-पुण्याला मेच्या मध्यास आणि नंदुरबारकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. दुसरा शून्य सावलीचा दिवस मुंबई-पुण्याला जुलैच्या अखेरीस असतो, पण तो बहुतेकदा ढगांत हरवतो. या दोन दिवसांच्या दरम्यान माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. मेमध्ये शाळेला सुटी असल्याने हे निरीक्षण राहून जाते. सुटीतला उपक्रम म्हणून घरी द्यावे. एक बाटली आणि सपाट जागा एवढेच साहित्य लागते.

५. नकाशा या कल्पनेची सुरुवात कोठून करावी?

वरून दिसणाऱ्या आकारापासून. मुलासमोर पेला, वाटी आणि काड्यापेटी ठेवून ‘बरोबर वरून पाहिले तर काय दिसेल’ ते काढायला सांगावे. बहुतेक मुले पहिल्यांदा पेल्याची बाजू काढतात; पेला जमिनीवर ठेवून त्यावरून वाकून पाहिले की वर्तुळ सापडते. त्यानंतर वर्गाचा आराखडा, मग शाळेचे आवार, मग शाळेभोवतीची आळी हा क्रम ठेवावा.

प्रमाण शिकवण्याची घाई करू नये. तिसरीत ‘बाकाच्या दुप्पट लांबीचे टेबल चित्रातही मोठे दिसले पाहिजे’ एवढे पुरते. चौथीत पावले मोजून, एका पावलाला वहीतील एक चौकोन असा आराखडा काढता येतो, आणि दोन मुलांची पावले वेगळी असल्याने आराखडे जुळत नाहीत तेव्हा मीटरपट्टीची गरज त्यांना स्वतःलाच कळते. सूची आणि खुणा मुलांनी आपल्या मनाने ठरवाव्यात; पुस्तकातील खुणा नंतर येतील. ग्रामीण शाळेला आणखी एक सोय आहे: भूमी अभिलेख विभागाचा गाव नकाशा. गट क्रमांकांनी भरलेला तो नकाशा लहान मुलांना वाचता येणार नाही, पण त्यातील ओढा, रस्ता आणि शिव एवढ्याच रेषा शिक्षकाने मोठ्या कागदावर उतरवून दिल्या तर मुले त्यात आपले शेत शोधू लागतात.

६. पृथ्वीगोल कोणत्या इयत्तेत दाखवावा? मुले ‘पृथ्वी गोल आहे’ असे सांगतात, म्हणजे त्यांना समजले असे मानावे का?

पृथ्वीगोल पहिलीपासून वर्गात असावा, हाताळू द्यावा. पण त्याविषयी परीक्षेत विचारण्यासारखे काही चौथीपूर्वी असू नये, असे मला वाटते.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र स्पष्ट ‘नाही’ असे आहे. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मुलांना नुसते ‘पृथ्वीचा आकार कसा’ असे न विचारता ‘सरळ चालत राहिलो तर कोठे पोहोचू, कडेवरून पडू का’ असे प्रश्न विचारले होते. ‘गोल’ असे उत्तर देणाऱ्या अनेक मुलांच्या मनात निराळेच चित्र निघाले. कोणाची पृथ्वी पोकळ गोळ्यासारखी होती आणि माणसे आत सपाट जमिनीवर राहत होती. कोणाच्या मनात दोन पृथ्व्या होत्या, आकाशातली गोल आणि पायाखालची सपाट. त्याच गटाने पुढे हैदराबादमधील मुलांबरोबर केलेल्या अभ्यासात पाण्यावर टेकलेल्या पृथ्वीची कल्पनाही वारंवार आढळली. शेषाच्या फण्यावरील किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या पृथ्वीच्या कथा ऐकलेल्या आपल्या मुलांविषयी याचे नवल वाटायला नको, आणि त्या कथा खोडून काढण्याचेही कारण नाही. मूल ऐकलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टी जुळवण्याचा प्रयत्न करत असते.

म्हणून तोंडी उत्तरावर न थांबता मातीची पृथ्वी करायला सांगावी आणि तिच्यावर माणसे चिकटवायला लावावीत. माणसे फक्त वरच्या अर्ध्या भागावर उभी राहिली किंवा गोळ्याच्या पोटात गेली, तर काय शिकवायचे राहिले ते लगेच दिसते. ‘खाली’ म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, ही गोष्ट प्रश्न ३ मधील ‘खाली म्हणजे दक्षिण’ या गैरसमजाशी गुंतलेली असल्याने दोन्ही एकाच आठवड्यात घेतल्यास सोपे जाते.

७. ‘मी सांगलीत राहतो, महाराष्ट्रात नाही’ असे मूल म्हणते. गाव, तालुका, जिल्हा, राज्य यांतील संबंध कसा समजवावा?

ही अडचण जगभरच्या मुलांना येते. जाँ पियाजे यांनी जिनिव्हातील मुलांविषयी असेच नोंदवले होते, की मूल एकाच वेळी जिनिव्हाचे आणि स्वित्झर्लंडचे असू शकते हे लहान वयात पटत नाही. एकात एक बसणारे डबे वापरावेत. सर्वांत लहान डब्यावर गावाचे नाव, त्याबाहेरच्यावर तालुका, मग जिल्हा, राज्य आणि देश. डबे उघडताना-मिटताना ‘गाव काढून घेतले का, की आतच आहे’ असे विचारत राहावे.

दुसरा उपाय पोस्टकार्डाचा. स्वतःला पत्र लिहून पूर्ण पत्ता घालणे मुलांना आवडते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आला आणि त्याचा पहिला अंक विभाग दाखवतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ ने सुरू होतात. मध्य प्रदेश व छत्तीसगडचेही ४ नेच सुरू होतात, त्यामुळे ‘४ म्हणजे महाराष्ट्र’ असे मात्र सांगू नये.

८. मुलांना वाटते की सर्व नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. उदाहरणे कोणती द्यावीत?

महाराष्ट्राइतकी चांगली उदाहरणे शोधून सापडायची नाहीत. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते, अरबी समुद्र तेथून सुमारे ८० किलोमीटरवर असतो, आणि तरीही ती पूर्वेकडे वळून जवळपास १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. तापी जळगाव, धुळे, नंदुरबारमधून पश्चिमेकडे जाते. वैनगंगा दक्षिणेकडे वाहते. कोकणातील नद्या सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरात समुद्र गाठतात. चारही उदाहरणे नकाशावर बोटाने गिरवल्यावर ‘नदी कोणत्या दिशेला वाहते’ याचे उत्तर मुलांकडून येते: उताराच्या दिशेला.

ते येण्यासाठी उतार आधी हाताला कळला पाहिजे. मैदानात ओल्या मातीचा डोंगर करून त्यावर झारीने पाणी घालावे. पाणलोट, उपनदी, संगम हे सारे पाच मिनिटांत दिसते. एक बाजू उभी आणि दुसरी हळूहळू उतरणारी ठेवली की तो सह्याद्री होतो, आणि गोदावरी समुद्राला पाठ करून का निघाली हेही उलगडते.

९. पाऊस आणि हवामान यांत पुस्तकाबाहेरचे काय करता येईल?

पर्जन्यमापक. सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर ठेवून दररोज ठरलेल्या वेळी पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. बाटली वापरायची असल्यास वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवावा आणि तळाच्या खळग्यात आधी पाणी भरून तेथून शून्य धरावे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे पाचवीच्या मुलांना बादलीने करून दाखवता येते.

पर्जन्यछाया हा शब्द प्राथमिक स्तरावर नसला तरी चालेल. वस्तुस्थिती जरूर सांगावी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पूर्वेला पंधरा-वीस किलोमीटरवरील पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि घाट उतरून वाईला आणखी कमी. दुष्काळी भागातील मुलांपुढे हे मांडताना ‘आपल्याकडे पाऊस का नाही’ असा प्रश्न येतोच. तो टाळू नये, ढग कोठून येतात आणि कोठे रिकामे होतात हे प्रश्न ८ मधील मातीच्या डोंगरावरच दाखवावे.

१०. ऋतू तीन सांगावेत की सहा?

भूगोलासाठी तीन, सहा ऋतू भाषेच्या तासाला येतातच. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते असे मात्र कधीही सांगू नये. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी असते, म्हणजे आपल्या हिवाळ्यात.

११. जिल्ह्यांची आणि राजधान्यांची नावे पाठ करून घ्यावीत का?

घ्यावीत, पण नकाशा समोर ठेवून. पाठांतराला सरसकट वाईट म्हणण्याची पद्धत मला मान्य नाही. मुलांना याद्या तालावर म्हणायला आवडतात आणि नावे ओठांवर असली की नकाशा वाचताना अडखळायला होत नाही. चूक होते ती जागा माहीत नसताना नाव घोकून घेण्यात. आधी स्वतःच्या जिल्ह्याचे शेजारी, मग त्यांचे शेजारी, असे पसरत गेल्यास ३६ जिल्हे काही आठवड्यांत बसतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, आणि छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावे अलीकडची आहेत. घरी मोठी माणसे जुनी नावे वापरत असतील तर दोन्ही नावे एकाच जागेची आहेत, एवढे सांगून पुढे जावे.

१२. शाळेतील भारताचा नकाशा जुना आहे. तो वापरला तर चालेल का?

प्राकृतिक नकाशा असल्यास खुशाल वापरावा. डोंगर-नद्या फारशा हललेल्या नाहीत. राजकीय नकाशा असल्यास तीन गोष्टी तपासाव्यात: तेलंगणा (२ जून २०१४) वेगळे दाखवले आहे का, जम्मू-काश्मीर आणि लडाख (३१ ऑक्टोबर २०१९) दोन केंद्रशासित प्रदेश आहेत का, आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव (२६ जानेवारी २०२०) एकत्र आहेत का. सध्या २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. पाचवीच्या मुलांना जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून फरक शोधायला लावणे हा उत्तम उपक्रम आहे, त्यामुळे जुना नकाशा टाकून देऊ नये.

देशाच्या बाह्य सीमांबाबत मात्र ढिलाई नको. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणाऱ्या सीमा दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा आहे. मुलाने वहीत सराव करणे म्हणजे प्रसिद्ध करणे नव्हे. पण शाळेचा फलक, स्मरणिका किंवा समाजमाध्यम यांसाठी इंटरनेटवरून कोणताही नकाशा उचलू नये.

१३. ऊसतोडीला जाणारी मुले दिवाळीनंतर वर्गात नसतात. त्यांचा भूगोल मागे पडतो, तो कसा भरून काढावा?

धडे मागे पडतात हे खरे, आणि ते भरून काढावेच लागतात. परंतु बीड किंवा अहिल्यानगरच्या गावातून पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्याच्या फडावर जाऊन आलेल्या मुलाला वाटेतील शहरे, घाट, नद्यांवरचे पूल, कोरडवाहू आणि बागायती जमिनीतील फरक यांची माहिती वर्गातील इतर मुलांपेक्षा अधिक असते, आणि सहसा ती कोणी विचारत नाही.

मूल परतल्यावर पहिल्या आठवड्यात राज्याचा नकाशा जमिनीवर अंथरून त्याचा मार्ग दोऱ्याने मांडावा. कोठे मुक्काम केला, तेथे विहीर होती की कालवा, सकाळी थंडी गावापेक्षा जास्त होती का, असे प्रश्न विचारावेत. त्याचबरोबर त्याच्या कष्टांचे वर्गासमोर प्रदर्शन होणार नाही याची काळजी घ्यावी. ज्याला सांगायचे नसेल त्याला आग्रह करू नये. शक्य असल्यास निघताना एक छोटी वही द्यावी आणि तीत सूर्य उगवण्याची जागा, पाऊस-थंडी आणि दिसलेली पिके टिपायला सांगावीत. परत आल्यावर ती वही आणि गावातील मुलांची वही (प्रश्न २ व ९) समोरासमोर ठेवता येतात.

१४. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. चार इयत्तांना एकत्र भूगोल कसा शिकवावा?

काम एक ठेवावे, अपेक्षा वेगळ्या ठेवाव्यात. आठवडी बाजाराची फेरी घ्या: पहिलीच्या मुलांनी काय काय पाहिले ते सांगावे, दुसरीने चित्र काढावे, तिसरीने बाजाराचा आराखडा करावा आणि चौथीने कोणती भाजी कोणत्या गावाहून आली ते विचारून तालुक्याच्या नकाशावर दाखवावे. मोठी मुले लहानांना सांगताना स्वतःही शिकतात.

१५. मोबाईलवरील नकाशा वर्गात वापरावा का?

कागदी आराखडा स्वतः काढून झाल्यावर वापरावा. उपग्रहचित्रात शाळेचे छप्पर दिसले की प्रश्न ५ मधील ‘वरून दिसणारा आकार’ पक्का होतो. दोन धोके लक्षात ठेवावेत. रस्ता दाखवणाऱ्या अवस्थेत नकाशा आपल्या चालण्याप्रमाणे फिरतो, म्हणजे वरची बाजू उत्तर राहत नाही. आणि जगाच्या सपाट नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश फुगलेले दिसतात: ग्रीनलँड भारतापेक्षा मोठे वाटते, प्रत्यक्षात भारताचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे दीडपट आहे. अशा वेळी पृथ्वीगोल शेजारी हवाच.

१६. आम्ही ऑस्ट्रेलियात मराठी शाळा चालवतो. महाराष्ट्रातील पुस्तके वापरताना दिशा आणि ऋतू जुळत नाहीत. काय बदलावे?

दिशांचा मूळ पाठ तसाच राहतो: सूर्य तेथेही पूर्वेलाच उगवतो आणि उगवतीकडे तोंड केल्यास डावा हात उत्तरेकडेच असतो. बदलते ती दुपार. सिडनी आणि मेलबर्न मकरवृत्ताच्या बरेच दक्षिणेस असल्याने माध्यान्हीचा सूर्य वर्षभर उत्तरेकडे आणि सावली दक्षिणेकडे असते. शून्य सावलीचा दिवस तेथे येतच नाही. दुपारच्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिल्यास तो उजवीकडून डावीकडे सरकतो. घड्याळाचा हिशेबही वेगळा आहे, कारण या दोन शहरांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात; तेथे सर्वांत लहान सावलीची वेळ प्रश्न ४ मधील पद्धतीने शोधूनच काढावी.

ऋतूंच्या बाबतीत महिन्यांची नावे पुस्तकातून घेऊ नयेत. दिवाळी तेथे वसंतात येते आणि संक्रांत ऐन उन्हाळ्यात. ‘थंडी असते म्हणून तीळगूळ’ हे स्पष्टीकरण त्या मुलांना पटणार नाही. त्याऐवजी आजी-आजोबांना फोन करून त्याच दिवशीचे तिकडचे तापमान आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा विचाराव्यात व दोन्ही ठिकाणच्या नोंदी एका तक्त्यात लिहाव्यात. डिसेंबरच्या अखेरीनंतर पुण्यातील दिवस मोठा होत जातो आणि मेलबर्नमधील लहान, हे तक्त्यात दोन-तीन आठवड्यांतच दिसू लागते, आणि पृथ्वीचा आस कललेला का दाखवतात हे विचारण्याची वेळ तेव्हा येते.